आठ कॉम्प्युटर, आणि एक माझ्यासाठी

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

आज दिवसभरात दोनदा खोटं बोलले. कॉलेजात सांगितलं, शनिवारी नागपूरला पुस्तक प्रदर्शन होतं. घरी सांगितलं, कॉलेजचं काम होतं. गेले होते डोळ्यांच्या डॉक्टरकडे.

डोळ्याचा पडदा कडेकडून वाळत चाललाय. औषध? नाही. ऑपरेशन? नाही. चष्म्याचा नंबर बदलू? "काही उपयोग नाही मॅडम." मधलं दिसतं, कडा गेल्या. मधलंही जाणार. वाचायला किती दिवस मिळतील विचारलं, तर म्हणे, "दोन वर्षं म्हणा, पाच म्हणा." म्हणा काय! मंडईत वांग्यांचा भाव करतोय का आपण?

वय एक्कावन्न. नोकरीची नऊ वर्षं बाकी. मी ग्रंथपाल आहे— वाचता न येणारी ग्रंथपाल कोणतं कॉलेज ठेवील?

आदिलाबादला परतताना बसमध्ये ठरवलं. कोणाला सांगायचं नाही. आधी न बघता काम करायला शिकायचं, करून दाखवायचं, मग तोंड उघडायचं. नवऱ्याला, शरदला, नाही; लेकीला, स्वराला, तर नाहीच. ती तिकडे बासरच्या इंजिनिअरिंग कॅम्पसला परीक्षांच्या घाईत आहे.

जाड काळ्या स्केचपेनने लिहितेय. एका पानावर जेमतेम आठ ओळी बसतात.

६ नोव्हेंबर, गुरुवार

प्राचार्य माणिकराव सरांनी बोलावलं. वाटलं, कळलं की काय! पण नाही. वाचनालयातल्या आठही कॉम्प्युटरवरच्या विंडोजची मुदत गेल्या महिन्यात संपली. नवीन विंडोज या जुन्या डब्यांवर चढत नाही.

"मॅडम, वो फ्रीवाला सिस्टम है ना, लिनक्स, ते टाकून द्या. डिसेंबरात समिती येणार तपासणीला. तोपर्यंत सगळं टकाटक पाहिजे."

म्हटलं, "सर, लिनक्स एक नाही. शेकड्याने आहेत."

"मग त्यातलं चांगलं पाहून घ्या ना!"

जसं काही साडीच्या दुकानात धाडतायत.

जिना उतरता उतरता डोक्यात आलं— या शेकड्यांमध्ये एखादं बोलणारं असेल की. पडद्यावरचं वाचून दाखवणारं. सरांच्या कामाच्या आडून मला माझं शोधता येईल. शेवटच्या पायरीला पाय चुकला. पडले नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

ही लिनक्सवाली मंडळी चांगली आहेत. कोण कुठली माणसं, फुकट बनवून ठेवतात आणि वर म्हणतात, आधी चालवून बघा, पटलं तर बसवा. पेन ड्राइव्हमध्ये भरायचं, कॉम्प्युटर त्यावरून सुरू करायचा, हवं तेवढं फिरायचं. पेन ड्राइव्ह काढला की जुनं सगळं जागच्या जागी. चार पेन ड्राइव्ह भरले. नेलपेंटने ठिपके दिले, एक, दोन, तीन, चार. बोटाला लागतात. असले उद्योग आता सुचायला लागलेत!

आमचा अटेंडर नागोराव खुर्ची ओढून बसला होता. वांकिडीकडचा, बावीस वर्षं वाचनालयात आहे. मी म्हटलं, हा पपी लिनक्स, अगदी जुन्या कॉम्प्युटरसाठी.

"पपी म्हंजे कुत्र्याचं पिल्लू नं? ते कायले टाकून राह्यल्या मॅडम?"

ज्या आठव्या कॉम्प्युटरला आम्ही भंगारात धरलं होतं, तो या पिल्लाने एका मिनिटात उठवला! नागोरावने तोंडाला हात लावला. मीही खूश. बरेच दिवसांनी.

११ नोव्हेंबर, मंगळवार

मुलांच्या पाच कॉम्प्युटरवर मिंट नावाचं लिनक्स. खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात बटण, विंडोजसारखंच. कोणी बावरायला नको. त्यातही हलकं रूप घेतलं, कारण मेमरी चारच जीबी. काउंटरवरही मिंटच. बारकोडची बंदूक चालेल की नाही म्हणून आदल्या दिवशी जीव टांगणीला लागला होता, पण लावल्या लावल्या टुक् करून वाचलं.

राहिला सातवा— ज्यावर ग्रंथसूची राहणार. तो कधी बंद पडता कामा नये. त्याला डेबियन, आणखी एक लिनक्स. सगळे म्हणतात डेबियन कंटाळवाणा, नवीन काही नसतं त्यात. मला कंटाळवाणाच हवाय. नवीन गोष्टी मला पुरेशा झाल्यात.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

आज वाचले थोडक्यात.

बी.ए. दुसऱ्या वर्षाची प्रीती काउंटरवर आली. "मॅडम, सगळ्या कम्प्युटरची सेटिंग अशी काऊन केली? काळ्यावर पिवळं, अन् एवढाले अक्षरं! एक पान वाचाले दहादा सरकवा लागते."

खरंच, पाचही कॉम्प्युटर मी माझ्या डोळ्यांच्या मापाने शिवले होते. मला तेच बरं दिसतं, म्हणून ते बरोबर वाटलं. माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही!

"चुकून झालं गं," म्हटलं. दुपारी पाचही बदलले. बदलताना आता मला नीट वाचता येत नव्हतं, अंदाजाने केलं. आणखी कोणाकोणाला शंका आली असेल? संध्याकाळपर्यंत प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत बसले.

१६ नोव्हेंबर, रविवार

घरच्या लॅपटॉपसाठी सापडलं! केरळातल्या लोकांनी न दिसणाऱ्यांसाठीच बनवलेलं, नाव कोकोनट. नारळ! सुरू केलं की स्वतःहून बोलतं. मराठीही बोलतं, पण आवाज असा की सर्दी झालेल्या पटवाऱ्याने जमिनीची पहाणी वाचावी. "फोल्डर. दस्तऐवज. सहापैकी एक."

मी मोठ्याने हसले. मग रडू आलं. मग शरद आत आला.

"कोण बोलतंय?"

"कॉलेजचं सॉफ्टवेअर आहे."

"आवाज बदलता येत नाही का याचा?" म्हणाला आणि चहा घेऊन गेला. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं काढलेला माणूस, कशाचं म्हणून कुतूहल नाही. आज त्याचे उपकारच मानले.

१९ नोव्हेंबर

डोळ्यांवर ओढणी बांधून अर्धा तास. पत्र लिहिलं, जपून ठेवलं. परत उघडता येईना. कुठे ठेवलं कुणास ठाऊक.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आज सापडलं. "पत्र एक" नावाने डाउनलोडमध्ये पडलं होतं. पटवाऱ्याने वाचून दाखवलं. माझीच वाक्यं दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना फार विचित्र वाटतं. एके ठिकाणी "ग्रंथपाल" टाइप करताना "ग्रथपाल" झालं होतं, ते कानाला लगेच खटकलं. डोळ्यांनी निसटलं असतं.

जमेल का मला? वीस टक्के वाटतं जमेल. ऐंशी टक्के वाटतं, मी स्वतःची समजूत घालतेय.

२४ नोव्हेंबर, सोमवार

लिहायला हात धजत नाही. ग्रंथसूची गेली.

क्रमाने लिहिते, म्हणजे मला तरी कळेल. अकरा हजार चारशे पुस्तकांची सूची, २०११पासून मी भरलेली. काउंटरचा जुना कॉम्प्युटर पुसण्याआधी ती बाहेरच्या डिस्कवर घेतली होती. एकच प्रत. दुसरी घ्यायची, घ्यायची म्हणत राहिली. आज ती डिस्क सातव्या कॉम्प्युटरला जोडली, डेबियन बसला की लगेच उतरवून घेऊ म्हणून. डेबियनने विचारलं, कोणत्या डिस्कवर बसू? मला यादीत एकच ओळ दिसली. तीच निवडली. वर आणखी एक ओळ होती. माझ्या नजरेच्या कडेला, म्हणजे माझ्यासाठी नव्हतीच. डेबियन ऐटीत बाहेरच्या डिस्कवर जाऊन बसला, खालचं सगळं पुसून.

आणि खरी गोष्ट पुढेच आहे. डेबियनला बसवतानाही बोलतं करता येतं. सुरुवातीला एक बटण दाबलं की झालं. तो दोन्ही डिस्क वाचून दाखवणार होता. पण नागोराव शेजारच्या कपाटात पुस्तकं लावत होता. त्याच्यासमोर कॉम्प्युटर बोलला असता, त्याने विचारलं असतं, काऊन बोलून राह्यला? म्हणून बटण दाबलं नाही. डोळ्यांनी केलं.

लाजेपायी चौदा वर्षांचं काम पुसलं मी!

२५ नोव्हेंबर

जुन्या मेलमध्ये २०२१ची एक प्रत मिळाली. देव पावला, अर्धा. त्यानंतर आलेली एक हजार आठशे सत्तर पुस्तकं त्यात नाहीत. समिती १७ डिसेंबरला येतेय.

नोंदी पुस्तकांच्या दाखल रजिस्टरमध्ये आहेत, हाताने लिहिलेल्या. माझ्याच अक्षरात, निळ्या पेनने, बारीक. मला त्यातलं काही वाचता येत नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

नागोरावला समोर बसवलं. "तुम्ही वाचा, मी टाइप करते. लवकर होईल." त्याचा चेहरा उतरला. मराठी पुस्तकं खडखड वाचली. पहिलं इंग्रजी पुस्तक आलं आणि थांबला.

"मॅडम, पानी पिऊन येतो."

पाणी पिऊन वीस मिनिटांनी आला. परत इंग्रजी आलं. "मॅडम, टपाल आलं असन." दिवसभरात एकतीस नोंदी! या चालीने मार्च उजाडेल. मी चिडले, जोरात बोलले. तो स्टुलावर मान खाली घालून बसला.

२७ नोव्हेंबर

आज त्याने नोकरीचाच विषय काढला.

"मॅडम, तुमी माही परीक्षा घेऊन राह्यल्या, मले समजते. कम्पुटर आले, आता नागोराव कायले पाह्यजे? सरायनं सांगतलं असन, पाहा याले वाचता येते का. नाई येत मले इंग्रजी! सातवी पास हावो मी, मराठी शाळेतून. बावीस साल झाले, पुस्तक एक बी चुकीच्या जागी नाई ठेवलं. पुठ्ठ्यावरच्या चिठ्ठीचा नंबर पाह्यतो अन् ठेवतो. कोनाले पत्ता लागू देल्ला नाई."

मी बघतच राहिले. समोर बसलेला माणूस बावीस वर्षं माझ्यासारखाच जपून चालत होता, आणि मला— त्याच्या रोजच्या सोबतिणीला— पत्ता नाही!

तोंडून निघून गेलं, "नागोराव, परीक्षा नाही हो. मला दिसत नाही."

तो आधी हसला! खो खो हसला. "म्हंजे माह्यावर नोतं? हाऊ! मले रातभर झोप नाई!" मग एकदम थांबला, कानाला हात लावले, डोळ्यांत पाणी. "माफ करा मॅडम. हासू कसं आलं मले." मग लगेच, "पन मंग तुमी गेल्या तं दुसरी मॅडम येईन, थे मले ठेवीन का?"

मला राग यायला हवा होता. नाही आला. माझंही सगळं डोकं नोकरीतच अडकलंय की. पहिला माणूस, ज्याला मी सांगितलं, तो हसला, रडला आणि स्वतःची चिंता करत बसला. बरं वाटलं मला त्याने.

२९ नोव्हेंबर, शनिवार

नवी पद्धत. काउंटरच्या कॉम्प्युटरला बोलतं केलं. मिंटमध्येही ती सोय आहे, तीन बटणं एकत्र दाबायची. मराठी पुस्तक आलं की नागोराव वाचतो. इंग्रजी आलं की तो एकेक अक्षर सांगतो— अक्षरं त्याला येतात, शब्द जुळत नाही. मी टाइप करते. मग कॉम्प्युटर अख्खं नाव म्हणतो. नागोराव त्याच्यामागून म्हणतो. "मायक्रो. इको. नॉमिक्स. हे व्हय का थे! बावीस साल उचलून राह्यलो म्या याले."

आज एकशे बारा नोंदी.

३ डिसेंबर, बुधवार

थंडी पडली. सकाळी काउंटरवर बोटं वळत नाहीत. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग कॉलेजच्या फाटकापर्यंत आलीये. रस्ता ओलांडताना उजवीकडचा ट्रॅक्टर दिसलाच नाही. ड्रायव्हर ओरडला. तेलुगूतून ओरडला, पण कोणत्याही भाषेत कळलं असतं.

घरी सांगितलं नाही.

७ डिसेंबर, रविवार

स्वराचा फोन. पाच मिनिटं. "मम्मी, जेवलीस का, पप्पा कसे, ठेवू?" व्हिडिओ लाव म्हटलं तर म्हणे, नेट नाही. एका परीने बरंच. ती माझ्याकडे बघेल आणि मी मोबाइलच्या भलत्याच कोपऱ्याकडे बघत असेन.

नोंदी एक हजार चाळीस झाल्या.

१२ डिसेंबर

एक हजार सहाशे. आता दोन ठिकाणी प्रत घेते. तीन. चौथी मेलवर. शहाणपण पैलवान होऊन आलंय, पण उशिरा!

१५ डिसेंबर, सोमवार

पूर्ण! शेवटची नोंद आजच देणगीत आलेल्या पुस्तकाची. नागोरावने पेढे आणले. सरांनी येऊन पाहिलं, "वा! एकदम टकाटक!" त्यांना काहीच माहीत नाही. ना सूची गेल्याचं, ना परत आल्याचं.

परवा समिती. समितीपुढे काउंटरच्या कॉम्प्युटरचा आवाज बंद ठेवायचा. डोळ्यांनी सांभाळायचं. एक तासाचा प्रश्न आहे. निवडक पंचवीस पुस्तकांच्या जागा तोंडपाठ केल्या.

१७ डिसेंबर, बुधवार

तीन जण आले, एक बाई, दोन पुरुष. हैदराबादहून. सरांच्या अंगावर कोट. सगळं ठीक चाललं होतं. मुलांचे कॉम्प्युटर पाहिले. पपीवाला म्हातारा कॉम्प्युटर पाहून एक जण म्हणाले, "अरे, ये अभी ज़िंदा है!" मी त्यांना हसत हसत सांगितलं, कोणाला काय दिलं आणि का. मला वाटलं, निभावलं.

मग बाईंनी काउंटरवर मला एक पुस्तक शोधायला सांगितलं. पाठ केलेल्या पंचविसांत ते नव्हतं. मी पडद्याला नाक लावलं. ओळी सापडेनात. माझी बोटं आपोआप त्या तीन बटणांवर गेली— तीन आठवड्यांची सवय! कॉम्प्युटर खणखणीत बोलला. सगळं वाचनालय वळून बघायला लागलं.

"ये क्या है?"

सर सटपटले, पण सर ते सर. "मॅडम, हमारी खास फॅसिलिटी है! ब्लाइंड स्टुडंट्स के लिये!"

बाई खूश. "वेरी गुड! कितने स्टुडंट हैं ऐसे?"

सर माझ्याकडे बघायला लागले. मी टेबलाकडे. एक आकडा सांगितला असता तर सुटले असते. दोन म्हटलं असतं. नावं कोण विचारतंय? बाईंनी पुन्हा विचारलं, कौन यूज़ करता है ये?

"मैं," म्हटलं. "मुझे कम दिखता है. आगे नहीं दिखेगा."

सरांच्या कोटाची बाही माझ्या कडेला आली आणि गेली. मागून नागोरावचा आवाज, "अन् मै बी, साब. मेरेकू इंग्रजी नहीं आता."

बाईंनी त्याला काही विचारलं नाही. मला म्हणाल्या, पुस्तक दिखाइये. मी पडद्याकडे न बघता शोधलं. तीस-चाळीस सेकंद लागले असतील. नंबर सांगितला, नागोरावने कपाटातून काढून दिलं. बाईंनी ते उघडून पाहिलं, परत दिलं, वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मला दिसायचा प्रश्नच नव्हता.

जाताना सर एवढंच म्हणाले, "मॅडम, बाद में बात करते."

त्याच दिवशी, संध्याकाळी

आदिलाबाद केवढं ते! उद्या सकाळच्या चहाला शरदच्या ऑफिसात पोचलं असतं. म्हणून आजच सांगितलं. तो आधी रागावला. "दीड महिना? मला?" मग बाहेर गेला, अर्ध्या तासाने पिशवी घेऊन आला. घरातले सगळे बल्ब बदलले, जास्त उजेडाचे लावले. जिन्यात, न्हाणीत, देवघरात. स्टुलावर चढून, घाम येईपर्यंत. मी म्हटलं नाही की याने काही होणार नाही.

स्टुलावरून उतरला आणि म्हणाला, "चारू, आणि स्वरा?"

२० डिसेंबर, शनिवार

डॉक्टर आणखी एक बोलले होते. ते मी या वहीतसुद्धा लिहिलं नाही. आता लिहिते.

त्यांनी विचारलं होतं, लग्न नात्यातलं का? म्हटलं, हो, आत्याचा मुलगा. आणि तुमच्या आईवडिलांचं? तेही तसंच. इकडे सगळ्यांचंच असतं. मुलगी झाली की आत्या पाळण्यातच म्हणते, माझी सून! तेलुगू लोक मेनरिकम म्हणतात, आम्ही घरचं घरात म्हणतो. कौतुकाने म्हणतो.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मुलीला तपासून घ्या. दोन पिढ्या लागोपाठ नात्यातली लग्नं आहेत. तिला तुमच्यापेक्षा लवकरही होऊ शकतं."

नोकरी, नोकरी करत आठ कॉम्प्युटर उलथेपालथे केले मी. नोकरीचं भय मला पेलतं, म्हणून तेच रोज लिहीत बसले. हे पेलत नाही. तिला दिसतं की, म्हणायचं. मोबाइल बघते, पुस्तकं वाचते, काही नाही झालं तिला.

३० डिसेंबर, मंगळवार

सरांनी बोलावलं. समितीने चांगलं लिहिलंय म्हणे. त्यांना स्वतःलाच नवल वाटत होतं. "मॅनेजमेंट को पूछना पडेगा. मार्चपर्यंत तर राहाच, मग बघू." कायदा आहे, असं काढून टाकता येत नाही, मी वाचून— ऐकून— ठेवलंय. पण सध्या भांडले नाही. मार्च तर मार्च.

जिन्यात नागोराव थांबला होता. "काय म्हनलं सरायनं? आपलं दोघायचं?"

"आपलं दोघांचं, मार्चपर्यंत."

"मंग मार्च पाहू," म्हणाला.

९ जानेवारी २०२६

स्वरा संक्रांतीला येतेय. सोमवारी. फोनवर सांगायचं नाही, समोर बसून सांगायचं. शरद म्हणतो, सण होऊ दे. मी म्हणते, नाही. सणाच्या नावाने आणखी चार दिवस काढू, मग परीक्षेच्या नावाने चार महिने. स्वतःला ओळखते मी.

तिला काय सांगू? तुझ्या आजीने, तुझ्या आईने घरचं घरात केलं म्हणून? तिने विचारलं, तू माहीत असून दोन महिने गप्प राहिलीस, तर? नागपूरच्या डॉक्टरची एकोणीस तारखेची वेळ घेऊन ठेवलीये. जेवण जात नाही.

१२ जानेवारी, सोमवार

आली. वाळलीये. जिन्यात माझ्या दंडाला धरून चढली, म्हणाली, किती लखलखाट केलाय घरात! जेवताना सांगणार होते. जमलं नाही. उद्या.

१३ जानेवारी, भोगी

सांगितलं. सगळं, डॉक्टरांच्या त्या वाक्यासकट. ती उठून आत गेली आणि स्वतःचा लॅपटॉप आणून माझ्या मांडीवर ठेवला, झाकण उघडलं. तो बोलायला लागला. इंग्रजीत, इतका भरधाव की मला एक शब्द पकडता आला नाही. मी अजून सगळ्यात हळू ठेवते. ती मान खाली घालून ऐकत होती, बोटं आपोआप चालत होती, पडद्याकडे एकदाही बघितलं नाही.

"तिसऱ्या सेमिस्टरपासून," म्हणाली. "मम्मी, तुला कसं सांगू तेच कळत नव्हतं."